कणगीतलं भिंग

कुसगाव, लोणावळा
१८ नोव्हेंबर १९७४

दादा,

"जुनं भिंग घेताना ते कुणाच्या हातातून आलं हे विचारू नये, नुसतं उजेडाला धरून बघावं." हे तू मला सांगितलंस तेव्हा मी नुकतीच ट्रेनिंग कॉलेज संपवून घरी आले होते. तू तुझ्या स्टुडिओच्या मागच्या दारात उभा होतास, एक डोळा मिटून, हातात कुणाचं तरी जुनं भिंग. मी विचारलं होतं, "चोरीचं असलं तर?" तू हसून म्हणालास, "काचेला चोरी कळत नाही, नीरू."

इतक्या वर्षांनी पत्र लिहायला बसले आणि तेच वाक्य आधी आठवलं. मायन्यात काय घालावं ते सुचेना, म्हणून नुसतं 'दादा' लिहिलं आहे. आई गेली तेव्हा तुझी तार आली होती. त्यानंतर तू जबलपूरला आणि मी इथे, आणि मध्ये काही नाही.

आता कामासाठी लिहिते आहे. पुण्याच्या काही निसर्गप्रेमी मंडळींबरोबर मी फेब्रुवारीअखेर कान्ह्याच्या जंगलात जाणार आहे. कल्याणहून गाडी, तुझ्या जबलपूरला उतरायचं, पुढे बस. शाळेतून रजा मिळाली. यांनी मला मागे एक पूर्व जर्मन कॅमेरा घेऊन दिला आहे, वापरलेलाच, पण चांगला. अडचण भिंगाची आहे. त्याच्या नेहमीच्या भिंगातून मी भुशीच्या पाण्यावर एक बगळा टिपला. प्रिंट आल्यावर हे म्हणाले, "बगळा कुठाय? मला वाटलं कागदावर मीठ सांडलंय. वाघाचा काढशील तेव्हा खाली नाव लिही, म्हणजे कळेल."

नवीन परदेशी भिंग मिळत नाही, आणि मिळालं तरी मास्तरणीला झेपणारं नाही. हाताशी आहे ते असं. लक्ष्मी रोडच्या दुकानात एक रशियन, एकशेपस्तीस मिलिमीटरचं आहे. काच छान, वजन कमी, पण त्यातून वाघ मांजराएवढा दिसेल. दुकानदार म्हणतो, त्याला मागून दुप्पट करणारी काच जोडा. मी जोडून पाहिली. चित्र मोठं होतं, पण कडा दुधात बुडवल्यासारख्या होतात आणि उजेड निम्म्याहून कमी उरतो. पहाटे साल वृक्षाखाली त्याचा काय उपयोग? तिसरं म्हणजे पुण्याच्या कॅम्पात एका पारशी बाईंकडे जर्मन भिंग आहे, चारशेचं. यजमान वारले, म्हणून काढून टाकायचं आहे. मी अजून पाहिलेलं नाही. त्याच्या किमतीत ते रशियन भिंगसुद्धा येणार नाही, म्हणून मनात जरा शंका येते. इतकं स्वस्त का?

तुझ्याइतकं हे कळणारं माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही. काय घेऊ ते लिही.

बहिरू बरा आहे. तू विचारणार नाहीस, म्हणून मीच लिहिते.

नीरजा

*

कुसगाव
१२ डिसेंबर १९७४

दादा,

तुझं कार्ड आलं. तू उत्तर देशील असं वाटलं नव्हतं, आणि इतक्या लवकर तर नाहीच. चारच ओळी आहेत, पण त्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या. 'एकशेपस्तीस घे. चारशेचं बघायलासुद्धा जाऊ नकोस, असल्या जुन्या भिंगांत बुरशी असतेच. माझं तीनशेचं मी स्टेशनवर आणून देतो. परत करायची घाई नाही.'

मी कार्ड यांच्यासमोर धरलं. हे म्हणाले, "तुझा भाऊ भिंग देतोय? पत्ता नीट बघ. पोस्टमनने दुसऱ्या कुणाचं कार्ड टाकलं असेल."

हसू नकोस. तू भिंगाचं झाकणसुद्धा कुणाच्या हातात देत नव्हतास. आणि 'बघायलासुद्धा जाऊ नकोस' हे तू म्हणतोस? उजेडाला धरल्याशिवाय तू कुठल्या काचेला हो किंवा नाही म्हणाला नाहीस.

म्हणून मी बघायला गेले.

बाईंचं नाव बानूबाई. वय झालं आहे, पण आवाज ठणठणीत. भिंग दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, मखमलीवर ठेवलेलं. मी खिडकीत नेऊन उजेडाला धरलं, तू शिकवलंस तसं. काच निवळशंख. बुरशीचा एक धागासुद्धा नाही. मी कौतुक केलं तर म्हणाल्या, "मारा धणी गेला तरी मी रोज पुसते. बाई, तुमी घेऊन जा, पन वाघचा फोटो मला दाखवायचा, हां?" घेते की नाही ते मी सांगितलं नाही. एक-दोन गोष्टी पुन्हा बघायच्या आहेत.

परत येताना लोणावळ्याला उतरले आणि घरी न जाता भुशीच्या वरच्या वाडीत गेले. का ते तुला सांगत नाही. बहिरूच्या अंगणात बसले. त्याच्या दाढीत आता काळा केस उरलेला नाही. हल्ली गवत कापायला जातो, रस्त्याच्या खडीवर जातो. त्याच्याकडे मुंबईवाल्यांच्या बंगल्यांच्या किल्ल्या असायच्या, आठवतं? पावसाळ्यात गाद्या, रेडिओ, सगळं लोक त्याच्या घरी ठेवायचे, कारण त्याच्या चुलीवरचा माळा कोरडा असायचा. आणि तुझी भिंगं. ज्येष्ठ लागला की तू ती फडक्यात बांधून त्याला द्यायचास आणि तो ती भाताच्या कणगीत खोल पुरून ठेवायचा. भात ओल पिऊन घेतं आणि भिंगाला बुरशी शिवत नाही. नवरात्र आलं की परत. आपल्या या पावसाच्या गावात दुसरा कुणी फोटोवाला आपलं भिंग शाबूत ठेवू शकला नाही, ते बहिरूच्या कणगीमुळे.

सारजाबाईने मला चहा दिला आणि म्हणाली, "ताई, आता आमच्याकडं कुनी वाळवनाची मिरची बी ठिवाया देत न्हाई."

बहिरू म्हणाला, "तू गप गं. ताई चा प्यायला आल्यात, तुजं रडगानं ऐकाया न्हाई."

"रडतंय कोन? मी तर हसतीया. भिंगवाल्याची बायकू म्हनून लोक मला वाट सोडत्यात."

भिंगवाला. अजूनही हेच नाव आहे त्याचं, दादा. पोरंसुद्धा म्हणतात.

आमच्या शाळेत राखणदाराची जागा जूनपासून रिकामी होते आहे. मी बहिरूचं नाव सुचवलं. अध्यक्ष म्हणाले, "तो भिंगवाला का? बाई, तुमच्याच घरची चोरी, आणि तुम्हीच त्याला किल्ल्या देता? तुमच्या भावाने एकदा चूक झाली म्हणावं, मग बघू." तेव्हा गोष्ट तिथे अडली आहे.

दोन साधे प्रश्न विचारते. ते चारशेचं भिंग, जे आईच्या पाटल्या मोडून तू त्रेसष्टच्या चैत्रात घेतलंस, ते एकाच पावसाळ्यात बहिरूकडे होतं ना? आणि त्या वर्षी खंडेनवमीची पूजा स्टुडिओत तू एकट्यानेच केलीस का?

ॲपर्चरचंही लिही. चारशेचं साडेपाचाच्या वर उघडत नाही, तर पहाटे शटर किती ठेवू?

नीरजा

*

कुसगाव
१० जानेवारी १९७५

दादा,

तुझं पाकीट आलं. या वेळी चार पानं आहेत. शटर किती, फिल्म कुठली, हत्तीवर बसल्यावर श्वास कधी रोखायचा, जीपच्या बॉनेटवर तांदळाची पिशवी ठेवून भिंग तिच्यावर कसं टेकवायचं, सगळं लिहिलं आहेस. मनापासून उपयोगी आहे. माझ्या दोन प्रश्नांचं मात्र त्यात नाव नाही. पानं उलटून मागेही पाहिलं.

तर आता मी पाहिलं ते लिहिते.

पहिल्या वेळी काच स्वच्छ म्हणून मी समाधानाने भिंग उलटं केलं होतं. त्याला खाली पाय आहे, तिपाईवर बसवायचा. पायाच्या मुळाशी एक खोबण. तिथे कुणी बोट घालत नाही, फडकं पोचत नाही. त्या खोबणीत लाल डाग होता. वाळून काळपट झालेलं कुंकवाचं गंध.

मी बानूबाईंना विचारलं, "याची कधी पूजा केली होती का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली. "आमी पारशी लोक दुर्बिणला कुंकू लावेल कशाला? तुमाला बरं नाय वाटत का? पाणी आणू?"

तेव्हा मी तुला हे लिहिलं नाही. नुसता डाग काय, कुणाचाही असू शकतो. पुण्यात काय कमी फोटोवाले आहेत? मी स्वतःला तसं समजावलं आणि झोपले. पण सकाळी वर्गात उभी असताना तुझा हात आठवला. खंडेनवमीला सगळे कॅमेऱ्याच्या कपाळावर कुंकू लावतात. तुला काचेची भीती, म्हणून तू करंगळीने खाली, पायाच्या खोबणीत गंध दाबायचास, आणि आई म्हणायची, "देवाला काय खाली वाकून बघायला लावतोस?"

मग मी परत गेले, शाळेतलं बहिर्गोल भिंग बरोबर घेऊन. बानूबाई मजेत होत्या. "आज काय, डॉक्टर आणला?" म्हणाल्या. मी खोबण त्यातून मोठी करून पाहिली. त्या गंधात एक तूस रुतलेलं आहे. भाताचं तूस. वर नाही, आत. आधी तूस अडकलेलं होतं आणि मग त्याच्यावर गंध दाबलं गेलं.

तुला फोड करून सांगायला नको, तरी लिहिते, कारण मला ते एकदा लिहून बघायचं आहे. भिंग एकच पावसाळा भाताच्या कणगीत होतं. तिथून ते बाहेर आलं, आणि त्यानंतर कुणीतरी करंगळीने खाली गंध लावलं. म्हणजे ते खंडेनवमीच्या आधी परत आलं. बहिरू तेव्हा हेच सांगत होता ना? "अष्टमीच्या सांजंला मी दादांच्या हातात दिल्यालं हाय. माज्या पोरीची आन." आणि दसऱ्याला आम्ही सोनं द्यायला आलो तेव्हा तू उंबऱ्यात उभा राहून म्हणालास, "भिंग आलंच नाही. बहिरूने विकलं." आईच्या हातात आपट्याची पानं तशीच राहिली. बहिरूला चौकीत नेलं, काही सापडलं नाही म्हणून सोडलं. दिवाळीपर्यंत सगळ्या किल्ल्या त्याच्याकडून काढून घेतल्या गेल्या. दिवाळीनंतर तू जबलपूरला गेलास. आम्ही समजलो, मन विटलं म्हणून गेलास.

मी अजूनही म्हणेन, यात काही गफलत असेल. कुणीतरी तुझ्या स्टुडिओतून नवमीनंतर उचललं असेल, असं मी रात्री मनाशी म्हणून बघते. पण बानूबाईंनी निघताना आणखी एक गोष्ट सांगितली, मी न विचारता. त्यांच्या यजमानांनी ते लोणावळ्यातच घेतलं, दिवाळीच्या सुट्टीत, बंगल्यावर. विकणारा स्वतः आला होता. नाव त्यांना आठवत नाही. "पन एक गोष्ट लक्षात हाय. आमी चा दिला तर म्हणाला, चा नको, नुसतं गरम पाणी द्या. असा मेहमान मी पहिला पाहिला."

पित्तामुळे तू चहा सोडलास तेव्हा मी तुझ्यासाठी तांब्यात गरम पाणी भरून ठेवत होते. अजून घेतोस का रे?

तू का विकलंस, ते विचारत नाही. जबलपूरला दुकान मांडायला लागलं असेल. आईला पाटल्यांचं भिंग विकलं हे सांगण्यापेक्षा चोरी झाली म्हणणं सोपं वाटलं असेल. आई तर चिडली असती, रडली असती आणि संध्याकाळी तिने तुला जेवायला वाढलं असतं.

मी ते भिंग घेतलं आहे. रशियन एकशेपस्तीस दुकानातच राहू दिलं. जड आहे, अंधारं आहे, हत्तीवर ते हलणार हे मला कळतं. तरी घेतलं.

स्टेशनवर येणार म्हणाला होतास. यावंसं वाटलं तर ये.

नीरजा

*

कुसगाव
९ मार्च १९७५

दादा,

सुखरूप परत आले. जबलपूरच्या फलाटावर तू आलास, मला बरं वाटलं, हे आधी लिहिते. तू वाळला आहेस. स्वेटरला कोपरात भोक आहे, वहिनींना म्हणावं रफू करा.

आपण जेमतेम चहाच्या गाड्यापाशी उभे होतो, आणि तू गरम पाणी मागितलंस. चहावाला म्हणाला, "बाबूजी, खाली पानी का क्या लूँ?" आमच्यातले सगळे हसले. मी तुझ्याकडे पाहिलं नाही. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस.

मग तू तुझं तीनशेचं पुढे केलंस. "हे ने. हलकं आहे. तुझ्या खांद्याला झेपेल."

मी म्हटलं, "माझं आहे माझ्याकडे."

"चारशे हत्तीवरून धरता येत नाही, नीरू. वेडेपणा करू नकोस."

"बघून तरी सांग, कसं आहे ते." मी पिशवीतून काढलं आणि तुझ्यापुढे धरलं.

तू हात पुढे केला नाहीस. दादा, कुणाच्याही गळ्यातलं भिंग दिसलं की तू "बघू" म्हणून ओढून उजेडाला धरायचास. लग्नात नवरदेवाच्या मामाचं धरलं होतंस. आणि हे तुझ्यासमोर होतं, ऊन होतं, आणि तू दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातलेस. म्हणालास, "काच साफ असेल ना?"

"साफ आहे," मी म्हटलं. "भातात होतं ना."

बसची वेळ झाली म्हणून तू सुटलास. मीही सुटले, खरं सांगायचं तर.

आता जंगलाचं. तुझं म्हणणं खरं निघालं, हत्तीवरून चारशे धरता येत नाही. वाघीण दिसली. गवतात बसलेली, तोंड आमच्याकडे. हत्तीने सोंड हलवली की माझ्या चौकटीतून अख्खी वाघीण निसटायची आणि नुसतं गवत यायचं. प्रिंट आल्या आहेत. वाघीण म्हणजे पिवळा धूर. हे म्हणाले, "मीठ बरं होतं. ही हळद आहे." पण जीपच्या बॉनेटवर तांदळाची पिशवी ठेवून, तू लिहिलंस तसं, मी एक बारशिंगा टिपला. संध्याकाळी, उभा, मान वळवलेली. त्याच्या पापण्यासुद्धा मोजता येतील इतका स्पष्ट. ती प्रिंट बानूबाईंना पाठवली. वाघ नाही म्हणून नाराज होतील, पण काचेचं कौतुक करतील.

एक प्रिंट घेऊन मी भुशीला गेले. बहिरूने ती चुलीच्या उजेडात धरली. सारजाबाई म्हणाली, "ह्ये तर आपलं सांबार."

"सांबार न्हाई," बहिरू म्हणाला, "शिंगं बग की किती." मग प्रिंट तिरकी करून मला विचारलं, "ताई, ह्ये कंच्या भिंगानं काडलं?"

मी सांगितलं नाही. अजून त्याला काहीच सांगितलेलं नाही. गंध आणि तूस खोबणीत तसंच आहे, मी पुसलं नाही. ते घेऊन मी अध्यक्षांकडे गेले असते तर त्यांनी बहिर्गोल भिंगातून बघून म्हटलं असतं, बाई, तुम्ही फार विचार करता. कदाचित ते खरंही असेल. मला शंका घ्यायची सवय लागली आहे, दूधवाल्यापासून सगळ्यांची. एका वाक्याने ती जाईल, पण ते वाक्य माझं नाही.

आणि मी सांगून भागणार नाही. मी सांगितलं तर ती बहिणीची गोष्ट होईल. लोक म्हणतील, बहीण-भावाचं काहीतरी आहे. बहिरूची किल्ली तरीही खुंटीवर राहील.

तर मागणं असं आहे. पैसे नको, पत्र नको, माफीचा कागद नको. जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, एक दिवस लोणावळ्याला ये. आमच्याकडे उतरू नकोस, नको वाटलं तर. स्टेशनवरून थेट भुशीला, दिवसा, वाडीतले सगळे घरी असतील अशा वेळी. मी भिंग घेऊन तिथे असेन. ते मी तुझ्या हातात देईन, आणि तू ते, पूर्वी द्यायचास तसं, फडक्यात बांधून बहिरूच्या हातात दे. म्हण, "बहिरू, पावसाळाभर ठेव." आणखी काही म्हणू नकोस. तो कणगीत ठेवील. वाडी बघेल. बाकी सारजाबाई सांगत फिरेल, तिचं तोंड तुला माहीत आहे.

सोपं नाही, हे मला कळतं. बाजारातून जाताना लोक ओळखतील. तू म्हणशील, नीरू, दुकान सोडून येता येत नाही, भिंग तू ठेव, मी मनिऑर्डर करतो. तसं कार्ड येईल म्हणून मी पोस्टमनची वाट बघत नाही.

तरी मागते. भात अजून कणगीत आहे. ज्येष्ठ लागायच्या आधी ये.

नीरू